ताईच्या जिभेखालचे थेंब

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी मी मनीषनगरला ताईकडे गेले. फाटक उघडून आत शिरले तर ताई गच्चीवरून खाली येत होती. एका काखेत वाळलेल्या कपड्यांचा ढीग, दुसऱ्या हातात चिमट्यांची टोपली. कठड्याला हात नाही. मी जागीच थांबले. ही बाई कित्येक वर्षं एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, कण्हत उतरायची.

"काय पाहून राहिली वं अशी? आत ये ना, ऊन किती हाय!"

मी आत गेले, माठातलं पाणी प्याले. पण तिचं ते उतरणं डोळ्यांसमोरून हलेना.

आम्हा दोघी बहिणींना हे दुखणं आईकडून आलं. ताईच्या वाट्याला गुडघे आणि कंबर आली, माझ्या वाट्याला हात. मी कळमेश्वरच्या एका शिवणशाळेत मुलींना कटिंग शिकवायचे. अंगठ्यांचे सांधे सुजायला लागले, कात्री धरवेना, तेव्हा निवृत्तीच्या आधीच घरी बसले. लग्न केलं नाही. इंदोऱ्यात आईवडिलांच्या जुन्या दोन खोल्यांत एकटी राहते. ताईचं सगळं भरलेलं. मुलगा, सून, स्वतःचं घर, दारात गाडी. तिच्या हृदयाची झडप बदलली तेव्हा अख्खं गणगोत तिच्या पलंगाभोवती गोळा झालं होतं. यातल्या कशाचाही मी हेवा केला नाही. एका बाबतीत आम्ही अगदी सारख्या होतो ना! रात्री झोप तिलाही यायची नाही आणि मलाही. सकाळी चहाच्या आधी आमचा फोन व्हायचा. "कशी गेली वं रात्र?" "गेली बापा कशीतरी." मग कोणाचं किती ठणकलं याची देवाणघेवाण. दुसऱ्या कोणाला ते ऐकायचा कंटाळा आला असता. आम्हाला कधी आला नाही.

त्या रविवारी ताई म्हणाली, "मले आता झोप लागते. पडली की सकाळच. तुले झोप नाही, म्हणून फोनवर सांगितलं नाही."

"काहून? काय घेतलं?"

ती लाजल्यासारखी हसली आणि तिने फ्रिजवरची एक काळपट बाटली आणून दाखवली. आत हिरवट तेल, वर रबराचा ड्रॉपर. बाटलीवर 'विजया' असं लिहिलेलं.

"विजया म्हणजे भांग!" मी म्हटलं. "या वयात भांग खाऊन राहिली का तू?"

आतल्या खोलीतून सून हसत बाहेर आली. ती मिहानमधल्या एका कंपनीत कामाला आहे. कोणतीही गोष्ट मुळापासून समजून घ्यायची तिची सवय. ती म्हणाली, "मावशी, झाड तेच, पण त्यात खूप प्रकारची द्रव्यं असतात. चढतं ते टीएचसी. या तेलात ते अगदी नावापुरतं आहे. यात जास्त आहे ते सीबीडी, त्याने चढत नाही. लोक दुखण्यासाठी, झोपेसाठी घेतात. सगळ्यांना लागू पडतंच असं नाही बरं का. आईंना पडलं. वैद्यांनी फोनवर विचारपूस करून चिठ्ठी दिली, मगच मागवलं."

ताईने माझ्यासमोरच जिभेखाली थेंब सोडले आणि तोंड मिटून बसली. तेवढा वेळ तिला बोलता येत नव्हतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती. गाल भरले होते. माझ्यापेक्षा मोठी बहीण माझ्यापेक्षा लहान दिसत होती.

मेट्रोने परत येताना मी स्वतःची समजूत घालत होते की चांगलं झालं, ताईचा त्रास कमी झाला. पण खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसत होतं, आणि ते काही चांगलं झाल्यासारखं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला नाही. मी केला, तर सून म्हणाली, "आई झोपल्यात अजून." सात वाजून गेले होते.

मग मीही ते तेल घ्यायचं ठरवलं. कोणाला विचारलं नाही. मोबाइलवर शोधलं, हिरवं पान छापलेली एक बाटली दिसली, स्वस्तात मिळत होती, मागवली. ताईसारखीच जिभेखाली धरून बसायचे. चव दाण्याच्या तेलासारखी, जरा गवताळ. आठवडे गेले. काही फरक नाही. शेवटी ताईकडे गेले तेव्हा बाटली पिशवीतून नेली आणि सुनेला दाखवली.

तिने लेबल वाचलं आणि जपून म्हणाली, "मावशी, हे बियांचं तेल आहे. हेम्प म्हणजे भांगेचंच झाड, त्याच्या बिया. खायला चांगलं असतं, चटणीत, कोशिंबिरीत घालतात. पण बियांत सीबीडी जवळजवळ नसतंच. ते पानाफुलांतून काढतात."

ताईला हसू आवरेना. "मंग इतके दिवस फोडणीचं तेल जिभेखाली ठेवून राहिली का वं तू?"

मीही हसले. पण तिला चेष्टा सुचत होती, कारण तिची रात्र चांगली गेली होती.

सुनेने त्याच वैद्यांशी माझंही बोलणं करून दिलं. त्यांनी बरीच चौकशी केली, आधी थोडेच थेंब, मग हळूहळू वाढवायचे असं सांगितलं. खरी बाटली आली. अगदी ताईच्याच कंपनीची, त्याच रंगाची. मी सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. तोंडाला कोरड पडायची, दुपारी डोळे जड व्हायचे, एकदोनदा पोट बिघडलं. रात्री मात्र टक्क जागी. अंगठे पूर्वीसारखेच ठणकत. एकाच आईच्या पोटच्या आम्ही, एकाच बाटलीतलं औषध, आणि ते तिला ओळखत होतं, मला नाही. पावसाळा असाच गेला. ताईने सकाळी फिरायला जायला सुरुवात केली. "आज त्या नवीन बगिच्यापर्यंत जाऊन आली," असं फोनवर सांगायची. मी "हो का" म्हणायचे आणि फोन लवकर ठेवायचे. हळूहळू मीच फोन करणं कमी केलं.

दिवाळीच्या जरा आधी तिचाच फोन आला. "माह्यासाठी एक ब्लाउज शिवून देशीन का? जुने सारे घट्ट झाले मले." मी म्हटलं, माझ्याने कात्री धरवत नाही. ती म्हणाली, "तू माप घे अन् खडूने आखून दे. कापाचं काम सून करन. तुह्यासारखी बाही कोणाले नाही जमत वं." हे तिला बरोबर माहीत होतं, मला कशाने वळवता येतं ते.

गेले. तिला खिडकीजवळ उभं केलं, टेप काढला. छाती, कंबर, खांदा मापून झाल्यावर दंडाचं माप घ्यायला बाही वर सरकवली, तर दंडाच्या आतल्या बाजूला तळहाताएवढा निळा-जांभळा डाग.

"हे काय वं ताई?"

"कोठी? हे का? पलंगाले लागलं असन."

दुसरा दंड पाहिला. तिथे एक पिवळा पडत चाललेला. मी खाली बसले आणि तिची साडी घोट्याच्या वर उचलली. नडगीवर तीन-चार डाग.

"काय करून राहिली? सोड ना!"

"दात घासताना रक्त येते का?"

तिने साडी खाली ओढली. मग म्हणाली, "येते थोडं. ब्रश कडक हाय."

झडप बदलल्यापासून ताईला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज घ्यावी लागते. रक्त फार पातळ झालं तरी धोका, कमी झालं तरी धोका, म्हणून ती महिन्याच्या महिन्याला धंतोलीतल्या दवाखान्यात रक्त तपासायला जायची. मी विचारलं, "शेवटचं रक्त कधी तपासलं?"

"इतकं चांगलं वाटून राहिलं होतं, तं गेलीच नाही मी उन्हाळ्यापासून."

"अन् त्या वैद्याले ही गोळी सांगितली होती?"

"त्यानं विचारलं, कोणतं औषध चालू हाय? म्या बीपीचं सांगितलं. हे काही औषध थोडीच हाय, हे तं रोजचंच हाय."

माझ्या चिठ्ठीच्या वेळी त्याच वैद्यांनी मला रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल नाव घेऊन विचारलं होतं. ते मला आठवलं आणि मी म्हटलं, "ताई, ते थेंब आजपासून बंद. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे चाल."

तिने माझ्या हातातून टेप ओढून घेतला. चेहरा कठीण झाला.

"तुले गुण नाही आला, म्हणून माहे थेंब बंद कराचे का?"

"तसं नाही वं..."

"तसंच हाय. मले समजत नाही असं वाटते का तुले? फोन करत नाही, आली तं तोंड पाडून बसते. मले दोन घास सुखाच्या झोपेचे भेटले, तेच तुले पाहवत नाही."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आणि डागही खोटे नव्हते. मी त्या क्षणी स्वतःला तपासून पाहिलं: तिचे थेंब सुटणार या विचाराने मनात कुठे बरं वाटतंय का? वाटत होतं. भीती होती, आणि त्या भीतीच्या बुडाशी थोडंसं बरंही वाटत होतं. त्या दोन्हींसकट मी म्हटलं, "जळते मी. हो, जळते. तरी डॉक्टरकडे चाल. त्यानं काही नाही झालं म्हटलं, तं मी पुन्हा तुह्या घरी पाय ठेवणार नाही."

सुनेला ऑफिसातून बोलावलं. तिने डाग पाहिले आणि गाडीची किल्ली घेतली. धंतोलीत नेहमीसारखी गर्दी होती, बाकांवर जागा नव्हती. रक्त दिलं आणि भिंतीला टेकून उभ्या राहिलो. ताईने सुनेला आमच्या दोघींच्या मधे उभं केलं. रिपोर्ट आला तसं डॉक्टरांनी रांग थांबवून आम्हाला आत घेतलं.

"रक्त फारच पातळ झालंय," ते म्हणाले. "डोक्यात रक्तस्राव झाला असता तर? नवीन काय सुरू केलं?" सुनेने बाटली पुढे केली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. रागावले नाहीत. म्हणाले, "हे चढत नाही म्हणून लोकांना वाटतं, याचं शरीरात काही कामच नाही. गोळीचा निचरा यकृत करतं. या तेलाचाही यकृतच करतं. तेल यकृताला स्वतःच्याच कामात अडकवून ठेवतं, मग गोळी रक्तात साठत जाते. यांची गोळी रोज तेवढीच, पण असर वाढत गेला."

ताईला त्या दिवशी दवाखान्यात ठेवून घेतलं. गोळी थांबवली, थेंब बंद, इंजेक्शन दिलं. घरी आली तेव्हा डाग फिके पडायला लागले होते, आणि तिची झोप गेली होती.

मी काही दिवस तिच्याकडेच राहिले. सकाळी ती उशीला टेकून बसलेली असायची, डोळे सुजलेले, गुडघ्यांवर शेकायची पिशवी. मी माझे हात कोमट पाण्याच्या भांड्यात बुडवून तिच्या शेजारी बसायचे. पुन्हा आम्ही सारख्या झालो होतो. मला हेच तर हवं होतं. पहिल्या सकाळी ते गोडही लागलं. दोघी कण्हत होतो, दोघी मधेच हसत होतो. पण तिसऱ्या का चौथ्या सकाळी ती जिन्याच्या तळाशी कठडा घट्ट धरून उभी राहिली, वर बघितलं आणि न चढताच परत फिरली. ते पाहून मला तिथे बसवेना. मीच सुनेला म्हटलं, डॉक्टरांना आणि वैद्यांना एकमेकांशी बोलू दे. काही मार्ग निघतो का बघ.

मार्ग निघाला, पण सावकाश. डॉक्टर आधी नकोच म्हणत होते. मग रक्त पूर्ववत झाल्यावर त्यांनी गोळीचं प्रमाण कमी केलं, थेंब अगदी थोडे सुरू करू दिले, आणि सुरुवातीला दर काही दिवसांनी, मग आठवड्याने रक्त तपासायची अट घातली. एकदा जरी चुकली तर सगळं बंद. ताईने एकदाही चुकवलं नाही. पूर्वीइतकी गाढ नाही, पण तिला झोप यायला लागली.

मी माझे थेंब सोडून दिले. धंतोलीतल्याच, हातांचे व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंनी माझ्या अंगठ्यांसाठी पट्टे बनवून दिलेत, ते लावले की भाजी चिरता येते. रात्री अजून जागीच असते.

परवा ताई एकटी मेट्रोने इंदोऱ्याला आली. स्टेशनच्या जिन्यावरून ती उतरताना मी खाली उभी होते. लिफ्ट होती, तरी ती मुद्दाम जिन्याने आली, मला दाखवायला. रस्ता ओलांडताना मी तिचा हात धरला, तर म्हणाली, "सोड, मले जमते." दिवसभर राहिली, मुगाची भजी करून खाल्ली. जेवण झाल्यावर खाटेवर आडवी झाली आणि बोलता बोलता, माझं वाक्य अर्धं असताना झोपून गेली. तोंड किंचित उघडं, श्वास संथ.

मी उठून खिडकीचा पडदा ओढला. मग तिच्या पायांशी बसले आणि तिच्या झोपेचा हेवा करत तिला बघत राहिले.