महानंदाबाईंची झडती

आमच्या शाळेत झडती मास्तरांची व्हायची, मुलांची नव्हे. दर सोमवारी सकाळी आम्ही धाराशिवहून एसटीने अणदूरच्या पुढच्या फाट्यावर उतरायचो, तर शाळेच्या फाटकात शाळा चालवणाऱ्या महानंदाबाई खुर्ची टाकून बसलेल्या असत. "कुंद्री, सर, बसा," असं कानडीमराठीत म्हणत त्या पिशवी हातातून काढूनच घ्यायच्या. डबा, टॉवेल, दाढीचं सामान सगळं टेबलावर. एका सरांची लोखंडी पट्टी त्यांनी पहिल्याच आठवड्यात काढून घेतली, ती परत दिलीच नाही.

सहावी ते आठवीची ही निवासी शाळा. इतर शाळांनी हात टेकलेली पोरं इथं यायची. कुणी मारामारी केलेली, कुणी सातवीत जाऊनही जोडाक्षर न येणारी. त्यांच्या पेट्या बाई उघडतही नसत. "त्यांचं काय तपासायचं? समद्यांनी तपासूनच तर हाकललंय त्यांना," असं त्यांचं उत्तर. आधीच्या शाळेतून वागणुकीबद्दलचं पत्र आलं, तर दाखला तेवढा कपाटात जायचा आणि पत्र न वाचताच अंघोळीच्या पाण्याच्या बंबात.

मी मूळचाच संशयी माणूस. मला वाटलं, ही बाई काहीतरी लपवते आहे. उद्या इथं काही बरंवाईट झालं की कागद नाही, पुरावा नाही, आणि मान अडकणार आमची! बाईंचा नियम होता की पोरांबद्दल कुणी काही लिहून ठेवायचं नाही. "पोरगं सुधारतं सर, कागद सुधरत न्हाय," त्या म्हणायच्या. मी मान डोलावली आणि पोरांच्या नोंदींची एक वही गुपचूप सुरू केली. गणिताच्या गाइडाचं कव्हर तिला चढवलं. झडतीत बाईंनी ते गाइड दोनदा हातात घेऊन खाली ठेवलं, तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

वहीतली निम्मी पानं एकट्या रेणुकाची होती. सातवीतली, बेंबळीकडची मुलगी. दोन शाळांनी काढलेली. तिनं एका मास्तरांच्या हातात कर्कटक खुपसलं होतं, असं मला बसमध्ये कुणीतरी सांगितलं. तेव्हापासून मी फळ्यावर तिरका उभा राहून लिहायचो, तिच्याकडे पाठ म्हणून करत नसे. तिला आईबाप नव्हते. मामा तिचं लग्न उरकून द्यायला टपलेला होता. ही शाळा सुटली तर तिचं शिक्षण संपलंच, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

एका मंगळवारी अवजारांच्या खोलीतला एक विळा दिसेना. मी कुणाला काही बोललो नाही. वहीत लिहिलं, 'विळा गायब. संशय रेणुकावर.' खाली रेघही मारली.

शुक्रवारी दुपारी रेणुका माझ्या टेबलाशी आली. "सर, अपूर्णांकाचं एक गणित सुटंना. गाइड देता का?" सहा महिन्यांत तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं. मला इतका आनंद झाला, की मी गाइड उचलून दिलं. कव्हराच्या आत काय आहे ते माझ्या डोक्यातूनच गेलं.

तासाभरानं महानंदाबाई ती वही घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. रागावल्या की त्या पुऱ्या कानडीत शिरत. "याक्री, सर? का?" एवढंच म्हणाल्या आणि मग मराठीत आल्या. "विळा म्याच दिलाय तिला. रोज सकाळी बांधावरचं गवत कापती माझ्यासंगं. तुमी तिला विचारलं व्हतं का?"

"नाही."

"लिवलं मात्र. ती पेटी घेऊन फाट्यावर गेलीय. चला."

बाई वारल्या त्याला आता वर्ष होईल. त्यांच्याइतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कुणी आणली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

फाट्यावरच्या निवाऱ्यात रेणुका पेटीवर बसली होती. मला वाटलं, आता बाई तिची समजूत घालतील. त्यांनी वही माझ्या हातात दिली. "वाचा. मोठ्यानं. तिच्याबद्दलचं हाय, तिला कळू द्या."

मी वाचू लागलो. पहिलं पान झालं, दुसरं झालं. तिसऱ्यावर रेणुका रस्त्याकडे बघतच म्हणाली, "हे खोटं हाय. त्या दिवशी मला ताप आलता. मी वर्गातच नव्हते."

"खोडा," बाई म्हणाल्या. मी खोडलं.

"काच म्या न्हाय फोडली."

"खोडा."

विळ्याचं पान आलं. ते मी कुणी सांगायच्या आधीच खोडलं. पुढच्या पानावर, तिनं एका मुलीला ढकललं असं होतं. रेणुकानं रस्त्यावरची नजर वहीकडे वळवली. मग म्हणाली, "हे खरं हाय. राहू द्या."

तेवढ्यात एसटी आली. दार उघडलं. कंडक्टर ओरडला, "चला, धाराशिव, कोण हाय?" बाईंनी तिच्या पेटीला हातही लावला नाही. माझी तर मान वर होईना.

"जाऊ द्या गाडी," रेणुका कंडक्टरला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "वाचा की सर. अजून चार पानं ऱ्हायलीत."