पापडाची पाळी

चौघीजणी पोळपाट-लाटणी घेऊन सकाळीच दारात उभ्या, आणि मी त्यांनाच विचारतेय, "काय हो, कुणाकडे निघालात?"

जळगावला आमच्या गल्लीत उन्हाळ्यात उडदाचे पापड पाळीने व्हायचे. जिची पाळी, तिने पीठ आदल्या रात्रीच पापडखाराच्या पाण्यात घट्ट भिजवून ठेवायचं. त्या दिवशीची पाळी माझी होती, मीच हट्टाने मागून घेतलेली. आणि पीठ डब्यात कोरडंच होतं.

त्या वर्षी छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, मग केमोथेरपी. गल्लीत सांगितलं, साधी गाठ होती. केस गेले ते पदराखाली झाकले, पण डोक्याच्या आतलं कशाने झाकणार? ऑफिसात फाईल उघडायची आणि कशाला उघडली तेच आठवायचं नाही. पहूरसारख्या खेड्यातून कॉलेजात गेलेली आमच्या घरातली मी पहिली. पानंच्या पानं पाठ म्हणणारी! डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे, जाईल. कसला अशक्तपणा? जिना तर मी भराभर चढत होते. रोज पाढे म्हणून बघायचे, मध्येच अडकले की पुन्हा पहिल्यापासून. बसवत नव्हतं, झोपवत नव्हतं.

"पीठ कोठे शे?" शेजारच्या अक्कांनी आत डोकावून विचारलं. मी पदर सावरायला लागले. तशा त्या बाकीच्यांकडे वळल्या, "बी.ए. व्हयनी ना ती! आते आमना हातना पापड तिले काय चालतीन!"

एकजण फिसकन हसली. गर्विष्ठ म्हटलेलं मला चाललं असतं, बावळट म्हटलेलं नाही. पण आपल्या हाताला कुणी नावं ठेवली असं वाटून त्या परत गेल्या असत्या, तर पुन्हा आल्याच नसत्या.

"अक्का, मी विसरले," मी म्हणाले. "कॅन्सर आहे मला. त्याच्या औषधांनी डोकं जागेवर राहत नाही."

अक्कांनी पोळपाट भिंतीला टेकवला. "डबा कोठे शे ते तरी ध्यानमा शे का?"

पीठ त्यांनीच भिजवलं. पापड दुसऱ्या दिवशी झाले.

तेव्हापासून मात्र गल्लीने माझी पाठ सोडली नाही. भिंतीपलीकडून हाका, "ताई, दूध घेतलं का? ताई, गॅस बंद केला का?" सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा. एकदा मी चिडून ओरडलेच, "केलाय हो! मी काय लहान आहे?"

आणि तरातरा आत गेले. गॅस चालूच होता.