हिरव्या पदराची कड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हासुद्धा या गोष्टीला वळसा घालूनच जोडते. तुम्हाला का सांगतेय? — माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत, पुण्यातल्या नव्हे, मी मुलींना कॉम्प्युटरवर फोटो दुरुस्त करायला शिकवते. क्रॉप करणं हा माझा हातखंडा. मनगटावर, कोपरावर फोटो कापू नये. सांध्याच्या जरा वर नाहीतर खाली कापावा. माणूस ज्या बाजूला बघतोय त्या बाजूला थोडी जागा ठेवावी, नाहीतर तो भिंतीला नाक लावून बसल्यासारखा दिसतो. आणि सगळ्यात आधी — कॉपी. मूळ फोटोला हात लावायचा नाही. हे मी इतक्यांदा बजावते की मुली पाठीमागं मला ‘कॉपी मॅडम’ म्हणतात. म्हणोत बापड्या. मॅडम, हे तुम्ही कुठं शिकलात, असं कुणी विचारलं की मी ‘अनुभवातून’ म्हणते आणि पुढच्या मुलीकडं वळते.

अनुभव! किती साळसूद शब्द आहे, नाही?

तेव्हा मी इथल्याच एका स्टुडिओत कामाला होते. दिवाळी नुकतीच झाली होती. मोडनिंबकडच्या एक मावशी आल्या. घरी मेंढरं. नवरा जाऊन आठच दिवस झालेले, तेराव्याला हार घालायला फोटो हवा होता. पदराची गाठ सोडून त्यांनी मोबाइलचं मेमरी कार्ड काढलं. त्यात नवऱ्याचा एकच फोटो होता — कुणा पाहुण्यानं त्यांच्याच साध्या मोबाइलवर काढलेला.

फोटोत दोघं होती. लिंबाखाली बाज, बाजेवर पटका बांधलेले ते आणि शेजारी हिरव्या लुगड्यातल्या मावशी. मावशी काहीतरी बोलल्या असाव्यात, कारण ते त्यांच्याकडं वळून अगदी मोकळं हसत होते.

“निस्ता मालकांचाच करा,” मावशी म्हणाल्या. “हाराच्या फोटूत मी कशाला?”

मी कापला. झकास कापला — खोटं कशाला बोलू? ते मावशींकडं बघत होते, म्हणून त्या बाजूला जागा सोडली. त्या जागेत मावशींच्या पदराची बोटभर हिरवी कड राहिली. बरी दिसली, राहू दिली. आणि मग सेव्ह केलं. कार्डातल्याच फोटोवर. कॉपी न करता.

फाइल बंद केली, पुन्हा उघडून पाहिली. मावशी बसलेला अर्धा फोटो गेला होता. त्या समोरच बाकावर पाणी पीत बसल्या होत्या. तेव्हा सांगता आलं नसतं का? स्टुडिओवाल्या काकांना हाक मारली असती तर कदाचित फोटो परत मिळालाही असता. मी प्रिंट काढली, कार्ड पुडीत बांधलं, आणि ‘या मावशी’ म्हटलं.

संक्रांतीच्या सुमारास त्या पुन्हा आल्या. माझ्यासाठी फडक्यात हुरडा बांधून. फोटो लई झ्याक झाला, मालक आत्ता बोलत्याल असं समदी म्हणत्यात — हे सांगायला. मग त्यांनी कार्ड पुढं केलं. आता दोघांचा फोटो करून हवा होता. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांचा असा तेवढा एकच.

मी कार्ड लावलं. पडद्यावर ते एकटेच हसत होते.

“यात तुम्ही नव्हताच, मावशी,” मी म्हणाले.

हे मी म्हणाले. माझ्याच तोंडानं, माझ्याच गोड आवाजात.

त्यांनी त्या हिरव्या कडेवर बोट ठेवलं. “ह्यो माजा पदर न्हवं?”

“लिंबाचा पाला आहे तो.”

त्या बघत राहिल्या. “मग मालक हासत्यात कुणाकडं?”

“फोटो काढणाऱ्याकडं.”

“आसंल,” त्या म्हणाल्या. “माजंच डोस्कं जाग्यावर न्हाय. मला वाटलं, मी हुते तितं.”

आणि गेल्या.

कशाला घाबरले मी? काका तर देवमाणूस होते, नोकरी गेली नसती. मला फक्त त्या बाईसमोर चुकलेली दिसायचं नव्हतं. एवढंच. एवढ्यासाठी मी त्यांच्या डोक्यातलाही फोटो कापला. हुरडा घरी नेला, सगळ्यांनी मिळून खाल्ला. गोड होता.

आता दुपारी वीज जाते, क्लासमधला पंखा हळूहळू थांबतो, माझे डोळे मिटतात — आणि उरलेला फोटो यायला लागतो. हिरवी कड रुंद होत जाते. तिचा पदर होतो, पदराखालून हात येतो, हातात पितळी तांब्या. मागं दोन मेंढरं, त्यातलं एक थेट माझ्याकडं बघणारं. लिंबाची सावली बाजेवर हलत असते. मावशी काहीतरी बोलतात, ते मला कधीच ऐकू येत नाही, आणि ते हसतात. मी तिथंच बाजेपाशी उभी असते. कुणी मला बस म्हणत नाही. मग वीज येते, मुली कुजबुजतात, आणि मी पुन्हा कॉपी, कॉपी करत सुटते.

पुण्याला जाताना बसमधून मोडनिंब दिसतं. मी डोळे मिटून घेते. एकदाही उतरले नाही. मावशी असतील की नाही, तेही मला ठाऊक नाही. मला लाज वाटते, पण ती वाटून त्यांच्या हाती काय पडलं?

मावशी तिथं होत्या. बाजेवर, त्यांच्या शेजारी. ते त्यांच्याकडंच बघून हसत होते.