गेटावर ठेवलेला पासवर्ड

आमच्या कंपनीत कपिलला ओळखत नाही असा माणूस नाही, आणि कपिल नक्की करतो काय हे सांगू शकेल असाही नाही. सातारच्या एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग करणारी ही कंपनी. तिचा सर्व्हर कपिल सांभाळतो. सर्व्हर म्हणजे एसीच्या खोलीतलं काळं कपाट. आम्ही घामात आणि कपाट गारव्यात, म्हणून कपिलवर सगळ्यांचा जरा रागच. तिकडं गावी कुंडलात त्याची आई बायडाबाई मात्र सांगत फिरते, "कंपनीच्या समद्या किल्ल्या माज्या कपिलकडं असत्यात."

एकेकाळी ते खरं होतं.

पावसाळ्यात कपिलला त्या सर्व्हरच्या मशीनमध्ये एक खोट सापडली. मी डिस्पॅचला, मला त्यानं ती चहाच्या टपरीवर समजावली. मशीनमध्ये प्रत्येकाला आपापलं लॉगिन. डिस्पॅचवाल्यानं डिस्पॅचचं बघावं, स्टोअरवाल्यानं स्टोअरचं. सगळीकडे हात घालायची मुभा फक्त मास्टरला, म्हणजे तेव्हा कपिलला. पण आत एक बारकासा प्रोग्रॅम असा, की तो चालतो मास्टरच्या अधिकारानं आणि त्याला हाक मात्र कुणीही मारावी. त्याला जरा वेडावाकडा मजकूर भरवला की तो गोंधळतो आणि हाक मारणाऱ्यालाच मास्टर करून टाकतो.

"म्हंजे मला बी?" मी विचारलं.

"तुला बी. त्याचीच तर भीती वाटतीय."

मशीन बनवणाऱ्यांकडून दुरुस्ती आली होती, पण ती बसवायची तर मशीन थोडा वेळ बंद ठेवावं लागणार. त्याची परवानगी मागायला कपिल मॅनेजर वीरधवल साहेबांकडे गेला.

"बाहेरचा चोर शिरू शकतो का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. आधी आत लॉगिन पाहिजे."

"मग आत आपलीच माणसं आहेत की."

"सर, तेच म्हणतोय."

"दाखव बघू."

कपिलनं माझ्या साध्या लॉगिननं शिरून, साहेबांच्या डोळ्यांदेखत, मास्टर होऊन दाखवलं. आता शाबासकी मिळेल असं त्याला वाटलं. साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग कपिलकडे, आणि मग बराच वेळ कपिलकडेच.

दुसऱ्या दिवशी मास्टरचा पासवर्ड बदलला. कपिलला माझ्यासारखं साधं लॉगिन मिळालं. दुरुस्तीचं काय, तर "मार्चनंतर बघू." आणि नवा पासवर्ड? आमच्याकडे यच्चयावत किल्ल्या गेटावर सुभेदार लालासाहेबांच्या ताब्यात असतात. हीही तिकडेच गेली. सुभेदार पलटणीतून निवृत्त झालेले, मूळचे म्हसवडचे. त्यांनी पासवर्ड पाठ केला. कपिलला काही काम निघालं की गेटावर फोन करायचा. सुभेदार यायचे, "तोंड फिरव" म्हणायचे, एका बोटानं पासवर्ड ठोकायचे आणि काम संपेपर्यंत मागं ताठ उभे राहायचे.

"सुभेदार, बसा की."

"ड्युटीवर बसत न्हाईत."

म्हणजे पुढच्या दाराला कुलूप, मागचं दार सताड उघडं, आणि ते ठाऊक कुणाला, तर ज्याची किल्ली काढून घेतली त्याला. मी चेष्टा करायचो. कपिल हसायचा नाही. काही बिघडलं तर पहिलं नाव त्याचंच येणार, आणि त्याच्या धंद्यात एकदा नाव गेलं की पुन्हा कुणी मशीनला हात लावू देत नाही. पुण्यात एके ठिकाणी त्याचं नोकरीचं बोलणं चाललं होतं. इथून डाग न लागता सुटायचं, एवढंच त्याला हवं होतं.

मार्गशीर्षात सुभेदार सिद्धनाथाच्या रथाला म्हसवडला गेले. नेमकी त्याच दिवशी बिलं छापायची यंत्रणा अडकली. मास्टरशिवाय ती सुटेना. भरलेला ट्रक गेटात उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, आणि रथाच्या गर्दीत सुभेदारांचा फोन लागेना.

कपिलनं साहेबांना फोन लावला. साहेब म्हणाले, "गाडी सुटली पाहिजे. कशी, ते मला सांगू नकोस."

"सर, तेवढा परवानगीचा मेल टाकता का?"

फोन बंद.

"आरं, जा की गड्या मागल्या दारानं," मीच म्हणालो. माझी गाडी अडकली होती ना.

तो गेला. बिलं निघाली, गाडी सुटली, आम्ही टाळ्या वाजवल्या. कपिल पडद्याकडे बघत बसला होता, एसटीत पाकीट मारलं गेल्यासारखा.

सुभेदार परतले ते कपाळावर गुलाल आणि हातात खोबऱ्याचा प्रसाद घेऊन. मी कपिलला कोपरानं ढोसलं, गप्प बस म्हणून. तो कसला ऐकतोय!

"सुभेदार, तुमी नव्हता तवा मी तुमच्या किल्लीबिगर आत गेलतो."

"कुठनं?"

त्यानं दाखवलं. सुभेदारांचा चेहरा लाल झाला. "ह्ये उघडं ठेवून मला म्होरल्या दारावर उभा केलाय व्हय? बुजवता येतंय का?"

"येतंय. मशीन एकदा बंद करून चालू करावं लागंल."

"तोंड फिरव."

जेवणाच्या सुट्टीत काम उरकलं. कपिलनं माझ्या लॉगिननं तीच युक्ती पुन्हा करून बघितली. मशीननं साफ नकार दिला. कित्येक दिवसांनी गडी हसला.

"चांगलं काम केलंस," सुभेदार म्हणाले. "आता रिपोर्ट द्यावा लागंल."

"कशाचा?"

"तू आत गेल्याचा."

"आवं सुभेदार, मीच सांगितलं की तुमास्नी!"

"म्हणून तर. ठाऊक झाल्यावर लपवायचं कसं?"

नोटीस आली, विनापरवाना प्रवेशाची. साहेब म्हणाले, "गाडी सोड म्हणालो होतो, आत शिर म्हणालो नव्हतो." कपिलनं उत्तरात एवढंच लिहिलं, की गेलो होतो आणि त्या वाटेनं आता कुणालाच जाता येणार नाही. सोबत राजीनामा जोडला. चौकशी संपेपर्यंत राजीनामा मंजूर होत नाही, असं कळवण्यात आलं.

चौकशीला मशीनमधल्या नोंदी हव्यात. त्या काढता येतात फक्त कपिलला, आणि आरोपीनं नोंदींना हात लावायचा नाही असा नियम. त्यामुळे चौकशी आहे तिथंच आहे. कपिल रोज वेळेवर येतो, गेटावर फोन करतो, तोंड फिरवतो. पुण्याच्या लोकांनी महिनाभर वाट बघितली आणि दुसरा माणूस घेतला.