बिरूची हाळी

अक्कांचा फोन आला तेव्हा मी अंगणात पाइप धरून उभा होतो. मी साताऱ्याकडचा, कृष्णाकाठचा, ऊसवाल्या घरातला माणूस. झाडाला पाणी घालायचं म्हणजे आळ्यात चिखल होईपर्यंत घालायचं, हीच आमची पद्धत. "गुरुजी, बिरू गेला वं..." एवढंच त्या बोलल्या आणि मग नुसतं त्यांचं रडणं ऐकू येत राहिलं. पाइपातलं पाणी जास्वंदीच्या आळ्यातून बाहेर आलं, फाटकाखालून रस्त्यावर गेलं. शेवटी बायकोने येऊन नळ बंद केला आणि माझ्या हातातला पाइप काढून घेतला.

बिरू बंडगर हा माझा चाळीस वर्षांचा मित्र. कवठे महांकाळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात तो भौतिकशास्त्र शिकवायचा. लग्न केलं नाही, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकटा राहायचा. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण, जत तालुक्यातल्या त्यांच्या गावी असतात. मे महिन्याची सुट्टी होती, त्यामुळे तो दिसेना म्हणून कुणाला काही वाटलं नाही. घरमालकाने शनिवारी संध्याकाळी त्याला दारात पाहिलं होतं. बुधवारी अक्कांनी पाच वेळा फोन केला, तो उचलेना, म्हणून गुरुवारी पहिल्या एसटीने त्या आल्या आणि दार तोडावं लागलं. मी दुपारपर्यंत पोचलो. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कधी ते उन्हाळ्यामुळे नक्की सांगता येत नाही. जमलेल्या सगळ्यांनी मात्र ठरवून टाकलं की शनिवारी रात्री झोपेतच गेला, त्याला काही कळलंसुद्धा नाही. खरं सांगतो, ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. का, ते पुढे येईल.

त्या खोलीतलं एवढंच मला आठवतं. खिडकीशी लोखंडी खाट. खाटेला लागून एका स्टुलावर मातीची कुंडी, तिच्यात ज्वारीची चार ताटं, कडकडीत वाळलेली. तीन बाजूंनी काळी घोंगडी उभी केलेली. ताटांशेजारी काडेपेटीपेक्षा थोडं मोठं एक यंत्र आणि त्याचा हिरवा दिवा अजून चालू. पितळी तांब्या त्या कुंडीतच आडवा पडला होता. मोबाइल उशाशी होता, चार्जरला लावलेला, पूर्ण चार्ज. त्याने कुणालाही फोन केलेला नव्हता.

आमची ओळख सांगलीच्या कॉलेजात, वसतिगृहातल्या एकाच खोलीत झाली. मी वनस्पतिशास्त्राला, तो फिजिक्सला. मी घरून तुपाचे डबे आणायचो, तो ज्वारीच्या भाकरी आणि लसणाची चटणी. पहिल्याच दिवशी मी बादलीभर पाण्याने पाय धुतले तर हा पठ्ठ्या म्हणाला, "ऊसवाल्या, येवढ्या पाण्यात आमची चाळीस मेंढरं पानी पित्यात की रं!" तेव्हापासून मी त्याच्यासाठी कायमचा ऊसवाल्या. मीही त्याला मेंढक्या म्हणायचो, आणि आम्हा दोघांनाही त्यात काही वाटायचं नाही.

त्याचं बालपण मेंढरांमागे गेलं. पाऊस नसला की त्याचे वडील कळप घेऊन पश्चिमेला निघायचे, आठ-आठ महिने घराबाहेर. त्या मुलुखातली एक रीत त्याने मला सांगितली होती. माळावर सगळे पांगलेले असतात, एकमेकांना दिसत नाहीत. तिथे मोठ्याने ओरडून बोलावणं म्हणजे हाळी. आणि हाळी फक्त मेंढरांसाठी. "लांडगा आला तरच हाळी द्याची," तो सांगायचा. "मानसाला काय झालं तर गप पडायचं. येकानं हाळी दिली की पाच जन आपापली मेंढरं सोडून पळत येत्यात, आन् तेवढ्यात लांडगा हात साफ करतोय. म्हनून हाळी न्हाई म्हंजी समदं ठीक." नऊ वर्षांचा असताना तो ओढ्यात पडला, पाय मोडला, आणि दुपारभर तसाच पडून राहिला. तोंडातून आवाज नाही! अक्कांना तो संध्याकाळी सापडला, आणि सापडल्यावर आधी त्याने विचारलं काय, तर मेंढरं मोजली का. हे सांगताना तो हसायचा. मी त्याला मूर्ख म्हणायचो. पण का कोण जाणे, पुढे हीच रीत मी माझ्या सोयीने उचलली.

तीनेक वर्षांपूर्वी एका सकाळी त्याचा फोन आला, आवाज नुसता उडत होता. परदेशातल्या संशोधकांनी शोधून काढलं होतं की झाडं तहानली की आवाज करतात. आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतका बारीक, टोकदार आवाज. पतंगांना, वटवाघळांना तो ऐकू येत असावा. देठातल्या नळ्यांमधलं पाणी ताणलं जातं, त्यात हवेचे बुडबुडे होऊन फुटतात, आणि तो आवाज बाहेर पडतो, असं म्हणतात. मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर, जन्मभर पोरांना शिकवलं की झाडं मुकी असतात. मी म्हणालो, "चल, काहीतरीच!" तो म्हणाला, "गड्या, आमच्या जतची ज्वारी किती वरडत आसंल रं... आन् आमी तिच्यातनं शिट्ट्या मारत फिरलो."

झालं, त्याला नादच लागला. वटवाघळांवर काम करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्याला आवाज टिपायचं ते यंत्र दिलं. ते रात्रंदिवस चालू राहतं, असला बारीक आवाज झाला की वेळेसकट साठवतं; मग संगणकावर तोच आवाज खूप संथ करून ऐकायचा. बाहेरचा गोंगाट नको म्हणून त्याने वडिलांची घोंगडी आडोशाला लावली. पहिल्यांदा त्याने मला ऐकवलं तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. टक्... टक्-टक्... तव्यावर लाह्या फुटाव्यात तसं. समोर चार हिरवी ताटं निमूट उभी होती, आणि खोलीत काहीही ऐकू येत नव्हतं. त्याने तांब्यातलं पाणी कुंडीत ओतलं, आणि तासाभराने ते टकटक हळूहळू थांबलं. मला तिथे बसवेना. मी चहाचं निमित्त काढून बाहेर आलो.

त्याची एक सवय होती. दिवसातून एकदा यंत्र तपासलं की तो त्याच्यासमोर अंगठा आणि बोट तीनदा एकमेकांवर घासायचा. कातड्याच्या घासण्यातही तसलाच बारीक आवाज असतो. आपल्याला जेमतेम कळतो, यंत्राला चांगला कळतो. संगणकाच्या पडद्यावर तीन जाड रेघा उमटायच्या. "ही माझी हजेरी," तो म्हणायचा. "झाडाचा आवाज कुठला आन् माझा कुठला, ह्ये कळाय नगं?"

मागच्या वर्षी हिवाळ्यात आम्ही पाचगणीला गेलो. तिथे माझ्या एका विद्यार्थ्याची स्ट्रॉबेरी आहे. ठिबकचं पाणी मिळणाऱ्या वाफ्यात यंत्र ठेवलं तर एकही आवाज नाही. मी खूष होऊन म्हणालो, "बघ, आमच्याकडची झाडं कशी सुखात आहेत!" मग त्याने कडेच्या वाफ्याकडे बोट दाखवलं. तिथली नळी महिनाभर बुजलेली होती, रोपं वाळून गेली होती. तिथेही यंत्र ठेवलं. तिथेही एकही आवाज नाही. "ऊसवाल्या, ह्ये ध्यानात ठेव," तो म्हणाला. "गप आसलं म्हंजी येक तर पोटभर प्यालंय, न्हाई तर मेलंय. मदला जो हाय, त्योच तेवढा वरडतोय." मी हो हो म्हणालो आणि विद्यार्थ्याने दिलेली स्ट्रॉबेरी खात बसलो.

आम्ही कित्येक वर्षं दर रविवारी सकाळी दहाला फोनवर बोलायचो. त्याच हिवाळ्यात तोच म्हणाला, "आता दर आयतवारी काय बोलायचं? काम आसलं तर करू. हाळी न्हाई म्हंजी समदं ठीक." मलाही ते बरंच वाटलं. मी नुकताच निवृत्त झालो होतो, आणि निवृत्तीनंतर माणूस आळशी होतो. त्या मे महिन्यातल्या रविवारी, म्हणजे घरमालकाने त्याला पाहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी दहा वाजता फोन हातात घेतला होता. बायको म्हणाली, "करा की, पंधरा दिवस झाले." मी म्हणालो, "त्याचा फोन नाही म्हणजे ठीक असेल." आणि फोन खाली ठेवला. म्हणून तो शनिवारीच झोपेत गेला हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं होतं. रविवारी फोन करून काय उपयोग झाला असता? काहीच नाही. असं मी स्वतःला समजावत होतो आणि माझं समाधानही होत होतं.

तेराव्याला अक्कांनी ते यंत्र एका फडक्यात बांधून माझ्या हातात दिलं. "ह्ये तुमीच न्या गुरुजी. आमाला त्यातलं काय कळतंय?" घरी आणून चार दिवस मी ते तसंच ठेवलं. मग एका दुपारी संगणक लावला.

रविवार उघडला. सकाळी टकटक चालू होती. अकरा वाजून काही मिनिटांनी तीन जाड रेघा. हजेरी. त्यानंतर ताटं हळूहळू गप्प होत गेली, कारण त्यांना पाणी मिळालं होतं. तीन वेळा तारीख तपासली. मी साताऱ्यात फोन खाली ठेवला, त्यानंतर तासाभराने तो कवठे महांकाळात बोटं घासत होता.

सोमवारी हजेरी नाही. दुपारी चारच्या सुमारास धातू आपटल्याचा मोठा आवाज... आणि मग ताटं पुन्हा गप्प. तो तांब्या होता. खाटेवरून हात लांब करून त्याने पाणी ओतलं असणार, आणि तांब्या हातातून सुटला असणार. मंगळवारी सकाळपासून टकटक पुन्हा सुरू झाली. ती चालू असतानाच एका जागी जाड रेघा दिसल्या. मी मोजल्या. तीन नव्हत्या. तीनच्या पुढे दहा, वीस, मग मधेच थांबून परत, मग पुन्हा... पंधरा-वीस मिनिटं तो बोटं घासत होता. मी तो आवाज संथ करून ऐकला. वाळक्या पाल्यात कुणीतरी पाय ओढत चालावं, तसा होता. मग तो थांबला. त्यानंतर फक्त ज्वारी. बुधवारी ती सारखी ओरडत होती, पडदा नुसता रेघांनी भरून गेला होता. गुरुवारी सकाळी विरळ झाली, आणि दार तोडल्याच्या दणक्याआधी जवळजवळ गप्प.

मी हे अक्कांपासून लपवणार होतो. कुणाचं भलं होणार होतं सांगून? पण मला ते गिळवेना. जतला गेलो, त्यांच्या ओसरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. रविवारी फोन हातात घेऊन ठेवला तेही सांगितलं. मला वाटलं त्या मला शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "तांब्यातलं पानी झाडाला घातलं त्यानं? सोता प्याला न्हाई?" मी म्हणालो, माहीत नाही अक्का. त्यांनी पदराचं टोक बोटांवर गुंडाळलं. मग म्हणाल्या, "आमी समदी म्हनत हुतो, त्यानं हाळी दिली न्हाई. दिली की वं गुरुजी. जलमात येकदा दिली. आपल्याला ऐकूच आली न्हाई."

निघताना त्यांनी बिरूची घोंगडी आणि मूठभर ज्वारी दिली. ती आता माझ्या टेबलावर कुंडीत वीतभर वाढली आहे. तीन बाजूंनी त्याची घोंगडी आहे, आणि यंत्राचा हिरवा दिवा चालू असतो. बायकोला ते सगळं नको वाटतं, ती त्या खोलीत झाडायलाही येत नाही. मी रोज सकाळी कालचं टिपण उघडतो. टकटक असली तर मला बरं वाटतं, तांब्या घेतो आणि बेताने पाणी घालतो. काहीच नसलं की आधी मातीत बोट खुपसून बघतो, ओली आहे की वाळली. ओली लागते. तरी भरवसा वाटत नाही. मग बोट पुसतो आणि अक्कांना फोन लावतो. काम काही नसतं. त्याही विचारत नाहीत. "हाय गुरुजी, हाय," एवढं म्हणतात.