पहिला नंबर

किहीमला आमच्या घरी पर्यटकांसाठी दोन खोल्या आहेत आणि त्यांची एक वेबसाइट. ती सर्चमध्ये वर आणून देतो, असं सांगत एक तरुण एका दुपारी आला. असले लोक मी ओळखून आहे. मी त्याला कोकम सरबत दिलं, पण फोन हातात दिला नाही. झोपाळ्यावर बसला तोही पाय जमिनीला टेकवून, झोपाळा जराही हलू न देता. तेव्हाच मला संशय आला.

"वर आणायचीय कशाला? आम्ही पहिलेच आहोत," मी म्हणालो. रोज सकाळी चहा पिताना मी 'किहीममध्ये राहण्याची सोय' शोधतो आणि आमचंच घर पहिलं येतं.

"काका, एकदा काकूंच्या फोनवर बघा."

हिने शोधलं. चार पानं झाली तरी आमचं घर दिसेना.

"तुम्ही रोज तेच उघडता ना, मग तुमचा फोन तुमचं मन राखतो," तो म्हणाला.

हिच्या फोनला त्याने बोटही लावलं नव्हतं, तरी मला त्यात हातचलाखीच दिसली. काम दिलं नाही. जाताना त्याने सरबताचा ग्लास विसळून ठेवला.

अजूनही रोज सकाळी शोधतो. आमचंच घर पहिलं येतं. हिचा फोन शेजारीच असतो. त्याला मी हात लावत नाही.