मागं मेंढरं कोण बघणार?

चौसाळ्याच्या शिवारात कुणालाही विचारा, बंकटची ओळख लोक एकाच गोष्टीनं सांगतील. दीडशे मेंढरांतली एकेक मेंढी तो तोंडावरून ओळखतो. तुम्हाआम्हाला सगळ्या मेंढ्या सारख्याच दिसतात हो, काळं तोंड, लोंबते कान, संपला विषय. बंकट मात्र म्हणणार, "ही मोरी, ती मोरीची मावशी, आन ती मान वाकडी करून बघायली ना, ती लई भांडकुदळ हाय, तिच्यापून जरा लांब ऱ्हावा." एकदा त्याची मेंढी चोरीला गेली. वर्षानं ती बाजारात सापडली. अंगावरची लोकर कातरलेली, पाठीवर दुसऱ्याच मालकाचा रंग, अन् आजूबाजूला दोनशे मेंढरं. बंकट सरळ आत घुसला आणि तिचा कान धरून बाहेर आला. विकणारा लागला भांडायला. बंकटनं फक्त मेंढीची डावी पापणी उलटी केली, आत तीळ होता. अख्ख्या बाजारानं तोंडात बोटं घातली.

तर अशा ह्या माणसाला गांजानं धरलं. सुरुवात खरं तर दारूनं झाली होती. तेव्हा बायकोनं, कडूबाईनं, आकांत केला आणि बंकट नारायणगडावर जाऊन माळ घालून आला. त्या दिवसापासून दारूचा थेंब नाही की मटणाचा तुकडा नाही, शब्दाचा पक्का गडी! पण चिलमीचं काय, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यानंही कुणाला विचारलं नव्हतं. "दारू वायली, ही वायली. ही महादेवाची चीज हाय, हिचा दोष न्हाई," असं म्हणत म्हणत माळकरीबुवा दहा वर्षांत दिवसाला सात-आठ चिलमींवर आले. गळ्यात तुळस आणि तोंडात धूर. धन्य आहे बाबा तुझ्या अकलेची.

दिवाळी झाली आणि एका दुपारी बंकट बांधावर चिलीम ओढून जो आडवा झाला, तो झालाच. मेंढरं चरत चरत हायवेवर गेली. कडूबाई लाकडं गोळा करत होती, ती अनवाणी धावली, दोन्ही हात पसरून ट्रकच्या पुढं उभी राहिली. ट्रक थांबला तेव्हा बंपर आणि तिच्यात हातभराचं अंतर होतं. बंकटला हे सगळं संध्याकाळी कळलं, तेही ट्रकवाल्याच्या शिव्या ऐकून आलेल्या लोकांकडून.  दुसऱ्या आठवड्यात कडूबाई त्याला बीडला घेऊन गेली, व्यसनमुक्ती केंद्रात.

तिथं पंचशीलाताई म्हणून समुपदेशक होत्या. तिशीतली बाई, बोलणं शांत, पण नजर अशी की खोटं बोलायचं धाडस होऊ नये. बंकट आधी गुर्मीतच होता. "गांजाला कुठं इलाज असतो का ताई? ती काय दारू हाय का?"

"दोन दिवस नाही ओढला तर काय होतं?" ताईंनी विचारलं.

"काय होतंय? झोप येत न्हाई. घास उतरत न्हाई. घाम फुटतो."

"आणि अंगावर येतात माझ्या," कडूबाई जमिनीकडं बघत म्हणाली.

 ताईंनी मग सगळं नीट सांगितलं. दोन महिने आतच राहायचं. चिलीम नाही, फोन नाही. पहिले काही दिवस जड जातील, पण डॉक्टर आहेत, सोबतीला माणसं आहेत. पंधरा दिवसांनी घरचं माणूस भेटून जाईल. "जबरदस्ती नाही बंकटराव. तुम्ही स्वतः हो म्हणलात तरच. सोमवारपर्यंत एक खाट तुमच्यासाठी ठेवते."

"समदं पटतंय ताई," बंकट म्हणाला, "पण मागं मेंढरं कोण बघणार?"

आता हा नुसता बहाणा होता असं म्हणू नका. वेताचे दिवस होते. भगवानराव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात मेंढरं खतासाठी बसवलेली, आणि जाळीच्या कोंडाळ्यात सत्तरएक कोकरं. दिवसभर आया चरायला जातात, कोकरं मागं राहतात. दिवस मावळायला आया परत आल्या की प्रत्येक कोकराला त्याच्याच आईखाली लावायचं. मेंढी दुसरीचं लेकरू जवळ करत नाही, डोक्यानं उडवून लावते. चुकामूक झाली की धट्टी कोकरं चार-चार आयांचं चोरून पितात आणि नाजूक कोकरं उपाशी मरतात. हे काम बापाकडून बंकटकडं आलं होतं. त्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. "कडू मायाळू हाय, राबती बी, पण तिला तोंडं कळत न्हाईत," तो ताईंना म्हणाला. कडूबाई शेजारीच बसलेली. तिनं मान डोलावली.

शनिवारी त्यानं निकाल सांगून टाकला. "म्या जात न्हाई. लेकरं मरतील ती मुकी. ते पाप कोण घेणार?"

"बरं," कडूबाई म्हणाली आणि भाकरी उलटली. काय म्हणावं ह्या बाईला! मी असतो तर परातच आपटली असती.

रविवारी दिवस कलला तेव्हा एक मेंढी ओढ्याच्या काठी अडली. पहिलटकरीण, कोकराचा एकच पाय बाहेर आलेला. कडूबाई तिच्यापाशी बसली आणि म्हणाली, "तुमी बाकीची घिऊन व्हा म्होरं. मी हिला मोकळी करून येते."

बंकट खुशीत निघाला. आज एकट्यानं सगळी लावून ठेवतो, बघू दे तिला. वाटेत एक चिलीम मारली, डोकं कसं हलकं झालं. आणि कोंडाळ्यापाशी येऊन गड्यानं काय करावं? रीत अशी की पाच-सहा कोकरं सोडायची, ती लावायची, मग पुढची पाच-सहा. लहान पोरालाही ठाऊक असतं. बंकटनं अख्खी जाळीच उचलली.

सत्तर कोकरं एकदम सुटली. सत्तर आया एकदम ओरडायला लागल्या. असा काही कालवा उठला की बंकट जागच्या जागी गरगरला. समोरचं कोकरू त्यानं उचललं, हे मोरीचं, म्हणून मोरीखाली धरलं. मोरीनं शेपटीशी हुंगलं आणि धाडकन डोकं मारलं. दुसरं उचललं, दुसऱ्या मेंढीपाशी नेलं, तिनंही उडवलं. तिसऱ्यानं तर लंगडतच पळ काढला. बंकटनं एका मेंढीचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि निरखून बघितलं. काळं तोंड, लोंबते कान. नाव आठवेना. दुसरीचं धरलं. काळं तोंड, लोंबते कान. आयुष्यात पहिल्यांदा त्याला त्या मेंढ्या तशा दिसल्या, जशा त्या तुम्हाआम्हाला दिसतात. 

तेवढ्यात कडूबाई आली. पदरात नुकतं जन्मलेलं ओलं कोकरू, मागं लटपटणारी आई. तिनं एकदा तो गोंधळ बघितला. नवरा कपाळाला हात लावून उभा, अंधारून येत चाललेलं. ती रागावली नाही, ओरडली नाही. ओलं कोकरू आईपाशी ठेवलं, पदर खोचला, आणि डोळे मिटून क्षणभर उभी राहिली.

आणि मग बंकटनं जे पाहिलं ते त्यानं उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. ती त्या कालव्यात शिरली. इकडं एक कोकरू ओरडलं, तिचा हात गेला, कोकरू वर. पल्याडून एक मेंढी ओरडली, ही वीस मेंढरं बाजूला सारत तिच्यापाशी. कोकरू खाली, मेंढीनं हुंगलं, शेपटी हलायला लागली. पुढचं. पुन्हा पुढचं. एकाही मेंढीच्या तोंडाकडं ती बघत नव्हती, आणि बघून दिसण्याइतका उजेडही राहिला नव्हता. कधी नुसती थांबायची, मान थोडी तिरपी करायची, आणि वळायची. दोन्ही काखांत दोन कोकरं, ही इथं, ते तिथं. एकही मेंढी डोकं मारेना. कालवा कमी कमी होत गेला. शेवटी एकच कोकरू एकटं ओरडत उरलं, एकच आई साद घालत उरली, आणि तिनं त्या दोघांना एकत्र आणलं. सगळ्या वावरात नुसता दूध पिण्याचा चुटूचुटू आवाज. बापाचं काम बंकटनं पाहिलेलं होतं, चुलत्यांचं पाहिलेलं होतं. असं कुणाचंच नव्हतं.

"तुला तोंडं कळत न्हाईत ना?" त्याला एवढंच विचारता आलं.

"न्हाईच कळत," कडूबाई हात पुसत म्हणाली. "तुमी सदा म्होरं, मी मागं. म्होरच्याला तोंडं दिसतात. मागच्याला निस्ते पुठ्ठे दिसतात, त्यांच्यावरून काय वळखायचं? मग कानानं वळखायला लागले. लग्न झाल्यापून ऐकतीय, तीस वर्सं."

बंकटच्या डोक्यात काहीतरी सरकलं. रोज संध्याकाळी ती एक कोकरू त्याच्या हातात द्यायची आणि विचारायची, "आवो, हे कुणाचं?" तो ऐटीत सांगायचा, बरोबर समोरच्या मेंढीचं. दुसरं द्यायची, तेही समोरच्याच मेंढीचं. चार-पाच झाली की ती म्हणायची, "ऱ्हाऊ द्या आता, बसा जरा, बाकीची मी करते." आणि तो बांधावर बसून चिलीम पेटवायचा, सगळं आपणच केलं अशा समाधानात.

"तू त्या आईपाशीच उभी ऱ्हायची," तो म्हणाला. "मला हुडकावंच लागू नये म्हणून. कदीपासून?"

"दोन वर्सं झाली. तव्हापून तुमाला न्हाई कळत."

"मग सांगितलं कावून न्हाई मला?"

कडूबाई खाली बसली. दिवसभरात पहिल्यांदा बसली असेल. "काय सांगू? सारी दुनिया तुमाला त्या एका गोष्टीसाठी मानती. तुमी सोता बी. ती काढून घेतली असती तर तुमच्यापाशी चिलमीबिगर काय उरलं असतं?" मग तिनं खोचलेला पदर सोडला. "वाटायचं, आज सांगन, उद्या सांगन. पर तुमी 'हे मोरीचं' म्हणायचे तव्हा तुमचं तोंड लई हरखायचं."

 माणसाला लाज वाटते, राग येतो, ते सगळं बंकटच्या मनात होतंच. पण त्याहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं होतं. देवळात गाभाऱ्यापुढं बोलणं आपोआप बंद होतं ना, तसं. तीस वर्षं ही बाई मागं चालत होती आणि त्यानं मान वळवून बघितलंच नव्हतं.

"मग माझी गरजच न्हाई हितं," शेवटी तो म्हणाला.

"मेंढरांना न्हाई," ती म्हणाली. "मला हाय. पर शुद्धीतल्या माणसाची."

सोमवारी तो एकटाच निघाला. कडूबाईला यायला कसं जमणार? रस्त्यावर जीपची वाट बघत असताना उत्तरेश्वर भेटला, त्याचा चिलमीतला जोडीदार. "काय बे, कुठं? हे घे, मारून जा एक, तिथं काय मिळणार न्हाई," म्हणत त्यानं पुडी काढली. खोटं कशाला सांगू, बंकटच्या तोंडाला पाणी सुटलं. घाम फुटला होता. एक जीप आली, त्यानं सोडली. दुसरी आली, तीही सोडली. भगवानरावांचं वावर तिथून हाकेच्या अंतरावर. मेंढरं चरायला निघाली होती आणि मागं राहिलेली कोकरं ओरडत होती. बंकटनं कान देऊन ऐकलं. एक तरी ओळखू येतंय का म्हणून अगदी श्वास धरून ऐकलं. एकही ओळखू आलं नाही. तिसरी जीप आली तेव्हा तो उत्तरेश्वरकडं न बघता चढला.

केंद्रात पंचशीलाताईंनी अर्ज पुढं ठेवला. त्यानं वेडंवाकडं नाव लिहिलं, लिहिताना दोनदा पेन निसटला. गळ्यातल्या माळेसकट त्याला आत जाऊ देणार होते. खिशातली चिलीम आणि काडीपेटी मात्र त्यानं न मागता टेबलावर काढून ठेवली.

ताईंनी कागद घडी करताना सहज विचारलं, "पक्कं ना बंकटराव? परवा तर तुम्ही म्हणत होतात, मागं मेंढरं कोण बघणार."

"जिची हायत ती," बंकट म्हणाला आणि आतल्या दाराकडं चालू लागला.